पिल्लाला गाडी लागते: उलटी थांबली तरी लाळ का थांबत नाही?

तक्रार अशी. चार महिन्यांचं पिल्लू, एरवी ठणठणीत. खाणंपिणं, शी-शू, उड्या, चपला पळवणं सगळं जागच्या जागी. गाडीत बसवलं की मात्र दहा-बारा मिनिटांत हनुवटीखाली लाळेची तार लोंबायला लागते आणि मग उलटी. जेवण लवकर दिलं, उपाशी नेलं, काच खाली केली, मांडीवर घेतलं. प्रत्येक उपायाने एखाद्या वेळी जरा बरं वाटायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आमच्या चिंगीचं हे जवळजवळ तीन महिने चाललं होतं. त्यातले पहिले दोन महिने आम्ही भलत्याच जागी दुरुस्ती करत बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पिल्लांना गाडी लागणं यात जगावेगळं काही नाही. मोठ्या कुत्र्यांपेक्षा त्यांना ती जास्त लागते आणि बरीचशी पिल्लं वर्षाची होईपर्यंत त्यातून आपसूक बाहेर पडतात. हे खरंच आहे. पण 'मोठी झाली की थांबेल' एवढ्यावर विसंबून आम्ही वाट बघत बसलो आणि त्या काळात दुसरंच दुखणं मागे लागलं.

ते कळलं एका छत्रीमुळे. गाडी दारात उभी होती. मागच्या सीटवर राहिलेली छत्री काढायला मी दार उघडलं. चिंगी सवयीप्रमाणे माझ्या पायात घुटमळत आली होती. दार उघडल्याचा आवाज झाला आणि ती होती तिथे बसली. कान मागे गेले. एकदा ओठ चाटले, पुन्हा चाटले, काहीतरी गिळल्यासारखं केलं. मी छत्री घेऊन वळेपर्यंत तिच्या खालच्या ओठाच्या कडेला थेंब जमून खाली उतरायला लागला होता. इंजिन बंद, गाडी एक इंचही हललेली नाही, आणि ही गाडीच्या बाहेर.

गाडी न हलताच गाडी कशी लागेल?

एक दुखणं कानाचं, दुसरं आठवणीचं

आधी कानाचं बघू. कानाच्या अगदी आतल्या भागात तोल सांभाळणारं यंत्र असतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळणाची बातमी मिळते. शेजारीच पुढे-मागे आणि वर-खाली होणारी हालचाल ओळखणारे बारीक खड्यांचे दोन कप्पे असतात. गाडीत बसलेल्या पिल्लाचे कान सांगतात की आपण चाललोय, वळतोय, थांबतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ, आणि ती जागची हलत नाही. दोन साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतात आणि पोट ढवळायला लागतं. उलटीच का, यावर मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रीझमन यांनी 1977 मध्ये एक तर्क मांडला होता. विषबाधेतही इंद्रियांचा असाच गोंधळ उडतो, म्हणून मेंदू गोंधळ दिसला की पोट रिकामं करायला सांगतो. तर्कच आहे, पण मला पटतो. कानाचा यातला वाटा मात्र निव्वळ तर्क नाही. ज्या कुत्र्यांच्या आतल्या कानातला हा भाग काम करत नाही, त्यांना कितीही झुलवलं तरी उलटी होत नाही, हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रयोगांतून दिसलं होतं.

आता आठवणीचं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह, कुत्रा आणि लाळ ही गोष्ट शाळेतच सगळ्यांच्या कानावरून जाते: खाण्याआधी ठरलेली खूण देत गेलं की पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याला लाळ सुटते. त्याच कामातली एक बाजू फारशी सांगितली जात नाही आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं की कुत्र्याला आधी मळमळतं, भरपूर लाळ सुटते, उलटी होते, मग झोप लागते. ताश्कंदच्या प्रयोगशाळेत क्रिलॉव्ह यांच्या लक्षात आलं की हे इंजेक्शन रोज दिलं, तर पाच-सहा दिवसांनी इंजेक्शनची तयारी दिसली तरी कुत्र्याला लाळ आणि उलटी होते. औषध अंगात जायच्या आधीच. पाव्हलॉव्ह यांनी आपल्या व्याख्यानांत हे उदाहरण दिलं आहे.

इंजेक्शनच्या जागी गाडी ठेवा. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना आईपासून, भावंडांपासून उचलून आणलं जातं, बहुतेक वेळा गाडीतूनच. दुसरी फेरी लसीसाठी, तिसरी पुढच्या लसीसाठी. म्हणजे गाडी लागायच्या ऐन वयात प्रत्येक फेरीला मळमळ, आणि फेरीच्या शेवटी सुई. पाच-सहा वेळा हे झालं की गाडीचं दार, चाव्यांचा खुळखुळाट, पट्टा, आतला वास यांतलं काहीही मळमळ सुरू करायला पुरतं. आणि गंमत अशी की कान वर्षभरात पक्का होतो, आठवण मात्र तशी आपसूक जात नाही. दोन वर्षांचा कुत्रा अजून लाळ गाळत असेल, तर त्याला गाडी लागतेच असं नाही. ती 'लागायची', एवढंच त्याला आठवत असू शकतं.

आमची चूक तर याहून मोठी होती. ओळखीतल्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं, "रोज फिरवा, आठवड्यात सवय होईल." आम्ही फिरवलं. माझी धाकटी बहीण मागे चिंगीजवळ बसायची आणि पहिली उलटी कितव्या मिनिटाला झाली ते फोनमध्ये लिहून ठेवायची. पहिल्या दिवशी 11. तिसऱ्या दिवशी 9. सहाव्या दिवशी 6. सवय लागतच होती, फक्त उलटीची. सातव्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, आपण हिला शिकवतोय." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

तुमच्या पिल्लाचं कुठलं, ते आधी ओळखा

लाळ नेमकी कधी सुरू होते, ते बघा. आपलं सगळं लक्ष उलटीकडे असतं, पण उलटी हा शेवटचा अंक आहे. त्याआधी ठरलेली चिन्हं येतात: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, वारंवार गिळणं, कुणकुण किंवा एकदम गप्प होणं, मान खाली, धाप, थरथर, मग लाळ, मग पोट आत-बाहेर ओढणं. चिंगी दोन जांभया द्यायची आणि सीटच्या कोपऱ्यात नाक खुपसायची. तिथून लाळेपर्यंत चारेक मिनिटं मिळायची. ही क्रमवारी प्रत्येक पिल्लाची थोडी निराळी असते. तुमच्याची पाठ करून ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच चालतं.

गाडीत आनंदाने उडी मारतं, सुरुवातीला शेपूट हलतं आणि चालू गाडीत काही मिनिटांनी चिन्हं दिसतात, सरळ रस्त्यावर कमी आणि वळणांवर जास्त, तर बहुतेक नुसता कान. गाडी बंद असतानाच, किंवा दारापाशी, किंवा पट्टा हातात घेतल्यावर चिन्हं दिसली, तर आठवण. गाडी थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत स्वारी पूर्ववत होते की बराच वेळ अंग चोरून बसते, तेही बघा. दोन-तीन महिने उलट्या चालू असलेल्या बहुतेक पिल्लांत दोन्ही सापडेल. आमच्याकडे दोन्ही होतं.

तिसरी शक्यताही आहे आणि तिला उशीर चालत नाही. गाडीबाहेरही उलट्या होत असतील, मान एका बाजूला कलत असेल, चालताना झोक जात असेल, गोल गोल फिरत असेल, बुबुळं आपोआप थरथरत असतील, कानाला घाण वास येत असेल किंवा ते सारखं कान खाजवत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. कानातला संसर्ग किंवा तोलाचा दुसरा काही बिघाड असू शकतो. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या, जुलाब आणि मरगळ अशा तिन्हींनी आजारी असेल, तर 'गाडी लागली असेल' म्हणत घरी बसू नका. पार्व्होसारख्या विषाणूच्या आजारात तास मोजावे लागतात, आणि पिल्लांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

कानासाठी: गाडी, पोट आणि चालवणारा

पोटापासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. निघायच्या आधी तीन-चार तास मोठं जेवण नको. त्याहून फार लांब उपाशी ठेवण्यात काही मिळत नाही. रिकाम्या पोटीही मळमळतंच, फक्त जेवणाऐवजी पिवळा फेस पडतो. अगदी लहान किंवा छोट्या जातीच्या पिल्लांना लांब उपाशी ठेवणं धोक्याचं असतं, त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. पाणी तोडू नका. निघण्याआधी शी-शू आणि थोडं चालणं झालेलं बरं.

बसायची जागा हा भाग मी स्वतःवर करून पाहिला. बहिणीला गाडी चालवायला दिली आणि मागच्या सीटवर आडवा झालो, डोकं चिंगीच्या उंचीला. समोर सीटची पाठ. काचेतून फक्त वरचा तुकडा दिसतो, त्यातून खांब आणि फांद्या झपाझप मागे जातात. रस्ता दिसतच नाही. आठव्या मिनिटाला मी उठून बसलो. पिल्लाला समोरचं दिसेल आणि बाजूचं पळतं दृश्य दिसणार नाही, अशी सोय करायची. मागच्या सीटवर मधोमध, अंग घसरणार नाही अशी जाड चटई, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) सीटबेल्टला अडकवलेला, तोंड पुढे. किंवा पक्का बांधलेला क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, ज्याच्या बाजूंवर कापड टाकलंय पण पुढून हवा खेळते. काही पिल्लांना पुढचं दिसणं मानवतं, काहींना काहीच न दिसणं. दोन्ही करून बघा. पुढच्या सीटवर मात्र नको, तिथली एअरबॅग उघडली तर पिल्लासाठी जीवघेणी ठरू शकते. आणि मांडीवर घेणं ही माया नाही. आपण प्रत्येक वळणाला कलतो, आपल्याबरोबर तेही कलतं, आणि जोराचा ब्रेक बसला तर आपल्या हातांत त्याला धरून ठेवण्याइतकी ताकद नसते.

काच बोटभर-दोन बोटं खाली, आत गारवा. डोकं बाहेर काढू देऊ नका, डोळ्यांत कचरा जातो. आरशाला टांगलेलं सुगंधी लोलक काढून टाका. आमच्या गाडीत लिंबाचा होता. इतक्या उलट्यांनंतर चिंगीच्या लेखी लिंबाचा वास म्हणजेच मळमळ झाली होती, आणि तो आम्ही महिनाभर तिच्या डोक्यावर लटकवून फिरत होतो.

आता चालवणारा, म्हणजे मी. माणसांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की सेकंदाला साधारण 0.2 हेलकावे, म्हणजे पाच सेकंदांत एक हेलकावा, हा वेग सर्वात जास्त मळमळ आणतो. जलद थरथर तेवढी त्रासदायक नसते. गर्दीत ॲक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा, ब्रेक, पुन्हा दाबायचा, हे चक्र बऱ्यापैकी याच तालात चालतं. झाकण नसलेला, अर्धा भरलेला पाण्याचा पेला गाडीच्या खाचेत ठेवून चालवून बघा. पाणी काठाला लागतं कुठे? माझं प्रत्येक सिग्नलला लागायचं. मी लांबूनच पाय काढायला, गिअर बदलताना क्लच सावकाश सोडायला आणि वळणाआधीच वेग उतरवायला लागलो. चिंगीच्या त्या आठवड्यातल्या नोंदींत पहिली जांभई 4 मिनिटांवरून 9 वर गेली. दुसरं काही बदललं नव्हतं.

औषधाबद्दल

औषध देणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. चुकवता न येणाऱ्या फेऱ्या असतातच, आणि त्यांतल्या प्रत्येक उलटीने आठवण आणखी पक्की होते. ती उलटी टळणं हाच औषधाचा खरा फायदा.

कुत्र्यांच्या प्रवासातल्या उलटीसाठी खास असलेलं औषध म्हणजे मॅरोपिटंट, सेरेनिया या नावाने ओळखलं जाणारं. अमेरिकेत ते 2007 पासून मंजूर आहे. मेंदूत उलटीचा निरोप पोचवणारं 'सबस्टन्स पी' ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा हे औषध अडवतं. प्रवासाच्या उलटीसाठी ते चार महिन्यांच्या पुढच्या कुत्र्यांना देतात, निघायच्या एक-दोन तास आधी, थोडंसं खायला घालून. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याच गोळीचा इतर उलट्यांसाठीचा डोस किलोमागे 2 मिलिग्रॅम आणि प्रवासासाठीचा 8 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. त्यामुळे मागच्या आजारपणातली उरलेली गोळी काढून अंदाजाने देऊ नका. वय, वजन आणि लिव्हरची तब्येत बघून डॉक्टरच ठरवतील.

आणि शीर्षकातल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. हे औषध उलटी फार चांगली थांबवतं, पण मळमळ तेवढ्या खात्रीने थांबवत नाही. सीट कोरडी, आपण खूश, आणि मागे पिल्लू ओठ चाटत, लाळ गाळत बसलेलं. आमच्याकडे तीन आठवडे हेच चाललं आणि आम्ही 'सुटलं बुवा' म्हणत होतो. लाळ दिसली तर मळमळ किंवा आठवण अजून शिल्लक आहे असं समजा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. भीतीचा भाग मोठा असेल तर त्यावर वेगळं औषध असतं.

माणसांच्या प्रवासाच्या गोळ्यांतली काही औषधं पशुवैद्य कुत्र्यांनाही देतात, पण गोळी तीच आणि डोस आपल्या मनाचा, असं करू नका. माणसांच्या काही गोळ्यांत सर्दीचं किंवा तापाचं औषध मिसळलेलं असतं, काही चघळायच्या गोळ्यांत आणि सिरपमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. ती कुत्र्यांना थोडीशीही विषारी ठरते. नुसतं गुंगवून नेण्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण हातपाय ढिले पडले म्हणून आतली घाबरगुंडी गेलेली नसते. आल्याबद्दल बरंच सांगितलं जातं. मी भरवसा ठेवणार नाही. लॅव्हेंडरच्या वासाने गाडीत बेचैन होणारे कुत्रे थोडे शांत बसतात, असं 2006 च्या एका छोट्या अभ्यासात आढळलं होतं. पण तो उत्तेजित कुत्र्यांवरचा होता, मळमळणाऱ्या नाही. लिंबानंतर आम्ही कुठल्याच वासाच्या वाटेला गेलो नाही.

आठवणीसाठी: गाडी पुन्हा पहिल्यापासून

सर्वात आधी गाडी बंद. दोन आठवडे एकही फेरी नाही. लस किंवा तपासणी मध्ये आली, तर गोळी देऊन नेऊन आणायचं आणि ती फेरी सरावात धरायची नाही.

याच काळात गाडी धुऊन काढा. उलटीचा डाग गेला तरी वास राहतो, आपल्याला येत नाही एवढंच. एन्झाइम असलेलं क्लीनर फोमपर्यंत भिजेल एवढं घालून, सांगितलेला वेळ तसंच ठेवून पुसायचं. घाईत पुसलं तर उपयोग नाही. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. चटई मी नवी आणली, कारण जुनीकडे बघूनच चिंगी जांभई द्यायची.

मग एकदम 'गाडीजवळ नेणं' नाही, तर गाडीच्या अनुभवाचे तुकडे करून एकेक तपासणं. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त कळलंही इथेच. चाव्या वाजवल्या: चिंगीने बघितलं, विशेष काही नाही. हार्नेस दाखवला: ओठ चाटले. तो आम्ही फक्त गाडीतच घालत होतो ना. तेव्हापासून आठवडाभर हार्नेस घालून घरातच खेळ, हार्नेस घालून जेवण, हार्नेस घालून बाहेर फिरणं. इंजिनचा आवाज, ती बाहेर लांब असताना: काही नाही. मी इंजिनलाच दोषी धरून बसलो होतो. खरा गुन्हेगार निघाला दार बंद व्हायचा 'धप्प'. ती आत, दार उघडं, तर चटईवर आरामात खाऊ खायची. दार लावलं की खाऊ तोंडातून खाली.

मग पाच दिवस फक्त दार. बहीण आत तिच्याजवळ, मी बाहेर. दार लावायचं नाही, नुसतं अर्धं लोटायचं आणि पुन्हा उघडायचं, लगेच खाऊ. मग टेकवायचं. मग हलकेच लावून लगेच उघडायचं. मग लावून तीन मोजायचे. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, बस. "दादा, चाटतेय," असं आतून आलं की त्या दिवसापुरतं संपलं, आणि उद्या एक पायरी खालून.

पुढची पायरी केव्हा? लागोपाठ तीन वेळा अंग सैल, तोंड कोरडं, खाऊ नेहमीसारखा हावरटपणे खाल्ला तरच. खाऊ हे चांगलं मापक आहे. हावरं पिल्लू आवडीचा तुकडा नाकारतं तेव्हा लाळ दिसत नसली तरी आत काहीतरी चाललंय. पण नाकारल्यावर तोंडात कोंबू नका. मळमळत असताना खाल्लेल्या चवीवर प्राण्यांचं मन उडतं, आणि एकाच अनुभवात उडू शकतं. सुरुवातीच्या दिवसांत मी चालत्या गाडीत चिंगीला उकडलेल्या चिकनचे तुकडे भरवत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस घरातसुद्धा त्याच्याकडे तिने तोंड फिरवलं. म्हणून चालत्या गाडीत खाऊ अगदी बारीक आणि कमी, मुख्य बक्षीस गाडी थांबल्यावर.

दारानंतर पुढचं भराभर झालं. दार बंद, इंजिन चालू, मिनिटभराने बंद. गाडी हातभर पुढे, हातभर मागे. फाटकापर्यंत. कोपऱ्यापर्यंत. तिथे उतरून हुंगाहुंगी, आणि शक्य तर परत चालत. प्रत्येक फेरीचा शेवट तिला आवडेल अशा ठिकाणी, सुईपाशी नाही. डॉक्टरांकडेही दोन-तीनदा नुसतं जाऊन, वजनकाट्यावर बसून, लाड करून घेऊन परत आलो. फेरी नेहमी पहिल्या जांभईच्या आत संपवायची, म्हणून बहिणीची नोंद कामाची. जांभई 9 मिनिटांना असेल तर फेरी 5 मिनिटांची.

उभ्या गाडीतल्या सरावाबद्दल एकच, पण फार महत्त्वाचं. पिल्लाला बंद गाडीत एकटं 'सवय होऊ दे' म्हणून सोडू नका. बाहेर 24 अंश असताना आतलं तापमान 10 मिनिटांत 34 च्या आसपास जातं, अर्ध्या तासात 43. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

जिथे अडतं

सगळं चांगलं चाललेलं असताना एखादी फेरी बिघडते. आमची बिघडली ती पाहुण्यांमुळे. गाडीत चौघे, गप्पा रंगल्या, चिन्हांकडे कोणाचंच लक्ष नाही, आणि विसाव्या मिनिटाला उलटी. त्यावर ओरडलात, दचकलात, 'अरे अरे' करत झेपावलात तर त्याचीही आठवण होते. गाडी सुरक्षित जागी थांबवा, पुसा, पाच-दहा मिनिटं पायी फिरवा, आणि पुढचे चार दिवस दोन पायऱ्या मागून. एका उलटीने सगळं पुसलं जात नाही. त्याच आठवड्यात 'बघू तरी' म्हणून दुसरी लांब फेरी काढली की मात्र जातं.

पिल्लाला कुशीत घेऊन "काही नाही बाळा, काही नाही" म्हणत राहिल्याने भीती वाढते, असं सांगणारे भेटतील. तसं काही नसतं. शांत आवाजात बोला, हात ठेवा, तिला बरं वाटत असेल तर चांगलंच आहे.

महिनाभर नीट करूनही लाळेची वेळ जराही पुढे सरकत नसेल, तर सराव तसाच रेटू नका, नोंदी घेऊन डॉक्टरांना दाखवा. 'गाडी लागते हो' यापेक्षा 'दार लावल्यावर 20 सेकंदांत ओठ चाटते, चालू गाडीत 9 मिनिटांनी लाळ' यावरून त्यांना खूप जास्त कळतं. जमलं तर फोनवर व्हिडिओ घ्या, घेणारा चालवणारा नसावा.

चिंगी आता दहा महिन्यांची आहे. सरळ रस्त्यावर चाळीस मिनिटं कोरड्या तोंडाने जाते, बहुतेक झोपून. वळणावळणाच्या रस्त्यावर पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास अजून जांभई येते. ती आली की थांबतो, जरा चालतो, मग पुढे. मध्ये दोन दिवस बहिणीच्या मैत्रिणीची गाडी वापरावी लागली. तिच्या दारापाशी चिंगी पहिल्या दिवसासारखीच बसून राहिली, कान मागे. वेगळी गाडी, वेगळा वास, वेगळा 'धप्प'. आमची चटई काढून त्या सीटवर टाकली आणि दारापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाच दिवस नाही, एक संध्याकाळ पुरली.